मापाची वही

पान एकतीस, जांभळी पेन्सिल:
"किनेल सायेब, नाटकवाला.
छाती अडतीस. कंबर बत्तीस.
डावा हात अर्धा इंच आखूड.
येणे रुपये साडेतीन."
खाली रेघ नाही.
पैसे आले की रेघ, हा आजाचा नियम.

कंपनी आली होती कामठीच्या सोजिरांसाठी,
आणि तीन रात्री नागपुरात,
सीताबर्डीखालच्या गोदामात,
कापसाच्या गाठी सरकवून केलेल्या स्टेजवर.
एप्रिल. राजाच्या दाढीचा डिंक वितळायचा.
पहिल्याच दिवशी कन्हानच्या पाण्यानं
कंपनीच्या खऱ्या राजाचं पोट बिघडलं,
म्हणून भालेकऱ्यांतला हा किनेल गादीवर बसला.

नवव्या वर्षी तो बेडूक होता, परीच्या खेळात.
अकराव्या वर्षी गळा दाबून मारलेला राजपुत्र.
मग वीस वर्षं भाला.
राजा तेवढा इथं. तीन रात्री.

चौथ्या सकाळी मॅनेजर पेटीसकट मेलनं पसार.
बाकीचे घड्याळं विकून गेले.
किनेलकडं घड्याळ नव्हतं.
तो इतवारीत डोमाजी शिंप्याच्या दुकानात,
माझ्या आजाच्या मशीनपाशी स्टुलावर बसायचा
आणि राजाचं भाषण म्हणायचा,
पुन्हा पुन्हा, विसरू नये म्हणून.
आजा पायडल मारत ऐके.
एका शब्दाचा अर्थ ठाऊक नाही,
पण कुठं चढ, कुठं उतार,
कुठं राजाला श्वास पुरत नाही,
सगळं टाक्यांसारखं मोजून घेतलेलं.

जूनमध्ये कुणी पाद्र्यानं तिकीट काढून दिलं.
आजानं उधारीवर कोट शिवला,
डावी बाही अर्धा इंच कमी ठेवून.
साहेब आरशात बघत राहिला म्हणे:
आजवरच्या कुठल्याच कोटात
त्याचे दोन हात सारखे दिसले नव्हते.

पुढं एक पत्र आलं.
मिशन शाळेच्या बेंजामिन मास्तरांनी वाचून दाखवलं:
आता आमचे हलते फोटो काढतात.
पगार बरा आहे. आवाज लागत नाही.
साडेतीन रुपयांबद्दल पत्रात काही नव्हतं.

चौदा वर्षांनी तंबूत बायोस्कोप लागला.
आजा पुढं, जमिनीवर, एका आण्यात.
पडद्यावर मोठं घर, मडमा, कुत्रा.
दार उघडून एक म्हातारा नोकर ट्रे घेऊन आला,
डाव्या मनगटावर बाही ओघळलेली,
बोटं अर्धी झाकलेली.
कोण्या लंडनच्या शिंप्यानं
दोन्ही बाह्या सारख्या बेतल्या होत्या.

आजा उठून उभा राहिला.
"बस खाली बे!" मागून कोणी ओरडलं.
"हा मायावाला साहेब आहे," आजा म्हणाला,
"याचा आवाज कुठं गेला?"

आणि त्यानं राजाचं भाषण सुरू केलं.
ट्रे ठेवून नोकर केव्हाच निघून गेला,
पडद्यावर लग्न लागलं, आगगाडी सुटली,
पेटीवाल्याचे हात थांबले,
एक शिंपी इतवारीच्या गळ्यानं
राज्य गमावत होता,
ज्या भाषेत त्याला सुई म्हणता येत नव्हतं.
आधी हसले लोक. मग हसले नाहीत.
शेवटी तंबूवाल्यानं दंडाला धरून बाहेर काढलं.

बोलपट आले तेव्हा आजा गेला नाही.
म्हणे, त्याच्या तोंडी
दुसऱ्याचाच आवाज घातला असंल तर काय करू?

किनेल कुठं मेला, मला माहीत नाही.
बोलला का कधी पडद्यावर, तेही नाही.
बाबांना भाषणाची पहिली ओळ यायची,
दाढी करताना, मोडकीतोडकी.
मला ओळ येत नाही.
मला फक्त मधली एक जागा माहीत आहे,
जिथं राजा थांबतो
आणि आजा पायडलवरचा पाय उचलून धरायचा.